प्रत्येक सिनेमाचं माप वेगळं

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस आले की वडसा गावच्या नाटक कंपन्यांची नाटकं रात्रभर रंगतात. मध्येच लावणी का आली, असं तिथला प्रेक्षक विचारत नाही. लावणी जमली की नाही, ते पाहतो. दंडार या लोकनाट्याला त्याचं माप वेगळं, कीर्तनाला वेगळं. सिनेमासमोर बसल्यावर मात्र 'खरं नाही वाटत' आणि 'लय संथ आहे' या दोन शेऱ्यांत सगळं निकालात निघतं. गावच्या वाचनालयात किंवा मंडळात सिनेमा दाखवून चर्चा करायची असेल, तर आधी हे मोडायला हवं.

पहिली पंधरा मिनिटं झाली की सिनेमा थांबवा आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहू द्या: हा हसवणार, घाबरवणार, रडवणार की विचारात पाडणार? माणसं घरात बोलतात तशी बोलतात का? गाणं लागलं तर ते पात्रांनाही ऐकू येतं, की फक्त आपल्याला? पोस्टरवर काय छापलंय ते सोडा. सिनेमानं सुरुवातीला जो शब्द दिला, तो शेवटपर्यंत पाळला का, एवढंच पुढे तपासायचं.

'शोले' (१९७५) हा सगळे रस एकत्र कालवणारा सिनेमा. जेलरचा विनोद कथेला लागत नाही, ही तक्रार इथे गैरलागू. पाहायचं ते हे, की एका रसातून दुसऱ्यात जाताना धागा तुटतो का. होळीचं गाणं रंगात येतं आणि त्याच गावावर डाकू तुटून पडतात. गाण्यातला आनंद खरा असल्यामुळेच भीती दुप्पट होते. 'कोर्ट' (२०१४) याच्या अगदी उलट. कॅमेरा लांब, स्थिर. बोलणं संपलं तरी दृश्य चालूच राहतं. तिथे संवाद संपल्यानंतर खोलीत काय काय घडतं, ते मोजा. बांधाच्या वादात तालुक्याच्या कोर्टात तारखा भरलेल्या माणसाला हा संथपणा समजावून सांगावा लागत नाही.

विनोदी सिनेमात पहिलं खोटं तपासा. 'अशी ही बनवाबनवी'त (१९८८) घर फक्त जोडप्यालाच मिळणार म्हणून दोघा मित्रांना साडी नेसावी लागते. अडचण खरी आहे, म्हणून पुढचा सगळा गोंधळ पटतो. असा सिनेमा मोबाइलवर एकट्यानं पाहून गुण देऊ नका. निदान पंधरा-वीस माणसं हवीत.

भयपटाला काळोख लागतो. मे महिन्यात आपल्याकडे साडेसातपर्यंत उजेड रेंगाळतो, म्हणून अंगणातला खेळ आठनंतरच लावा. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, जनरेटर लांब. पडदा फिका आणि आवाज दबलेला असेल, तर 'भीती वाटली नाही' हा दोष सिनेमाचा नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो 'गाभ्रीचा पाऊस'वर (२००९). विषय विदर्भातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येचा, आणि सिनेमा हसवतो. नवरा जीव देईल या धास्तीनं बायको मुलालाच त्याच्यावर नजर ठेवायला लावते. ज्याच्या शिवारात असं घडून गेलंय त्याला हे हसणं टोचेल, आणि टोचायलाच हवं. इथे 'गंभीर का नाही?' हा प्रश्न चुकीचा. हसू कोणावर येतंय, ते विचारा. ते शेतकऱ्यावर येत असेल तर सिनेमा फसला. बायकोच्या भीतीतून येत असेल आणि हसताहसता घशात अडकत असेल, तर साधला.

गुण दहापैकी द्या: सहा दिलेल्या शब्दाला, दोन अभिनयाला, दोन चित्रण-आवाजाला. 'मला आवडला' हे वेगळ्या ओळीत. तुलना त्याच प्रकारच्या सिनेमाशी. 'मसालाच आहे, चालतं' ही सूटही देऊ नका. कच्चा मसाला कच्चाच.

आणि सिनेमानं मध्येच वाट बदलली तर? 'सैराट'बद्दल (२०१६) 'गाणी संपली अन् मजा गेली' असं कोणी म्हणेल. तेव्हा गुण देण्याआधी वर्गातला प्रसंग पुन्हा लावा: आर्चीचा भाऊ प्रिन्स गुरुजींच्या थोबाडीत मारतो तो. तो पूर्वार्धातच येतो, म्हणजे पुढच्या हिंसेचा शब्द सिनेमानं तिथेच दिलेला असतो.