‘इथवर पाणी येत न्हाई’: पुराच्या तोंडावर घरात होणाऱ्या चुका

आमच्या जुन्या घरात सोप्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. आजोबांनी गेरूनं मारलेली रेघ, माझ्या कमरेच्या जरा वर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा आम्ही सगळं त्या रेघेच्या वर चढवलं. टेबलाखाली विटा लावून वर गव्हाची पोती, कागदांची पेटी फडताळाच्या वरच्या कप्प्यात. वर आणखी वीतभर जागा सोडली आणि निर्धास्त होऊन पाहुण्यांकडे गेलो. परत आलो तेव्हा गाळाचा पट्टा खिडकीच्या वरच्या चौकटीला लागलेला होता. रेघ त्याखाली कुठं गेली ते पुसून बघावं लागलं.

आमचा कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. कृष्णा आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला मिळतात, तो. वाडीत दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पुराचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारातनं बाहेर पडलं, म्हटलं की लोक स्नानाला गर्दी करतात, इतकी आम्हाला पुराची सवय. आणि बहुतेक चुका त्या सवयीपोटीच होतात.

मागच्या पुराची खूण धरून बसणं

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला तिथं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला ५६ च्याही वर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ मात्र २०१९ चा पूर मोठा, ५७ फुटांचा. २०२१ ला तो साधारण ५५ वर थांबला. म्हणजे एकाच वर्षीचा पूर कोल्हापूरला एक आणि सांगलीला दुसरंच सांगतो. आपलं गाव या दोन्हीच्या खाली. मग भिंतीवरच्या एका रेघेचा भरवसा काय धरायचा?

त्यापेक्षा एक वही घाला. पाणी नदीकाठच्या मळीत आलं, ओढ्याच्या पुलावर आलं, आपल्या बोळाच्या तोंडाशी आलं, त्या त्या दिवशी राजाराम आणि आयर्विनची पातळी किती होती ते तारखेसकट लिहा. दोन पावसाळ्यांत तुमच्या घरापुरता असा तक्ता तयार होतो, जो कुठल्याच बातमीत मिळत नाही.

दुसरं, आभाळ बघून अंदाज बांधू नका. आपल्याकडं ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं, कारण कोयनेतून सोडलेलं पाणी वाटेत असतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, रात्रीचे दोन असोत की दुपारचे. त्यात कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागं फूग येते. त्यामुळं इथलं पाणी चढतं सावकाश, पण उतरायलाही दिवसच्या दिवस घेतं. चार दिवसांचा शिधा घेऊन माडीवर बसलेल्यांची २०१९ ला काय गत झाली ते आम्ही बघितलंय.

‘दारात आलं की निघू’

घर बुडायच्या आधी रस्ता बुडतो. गावाबाहेरचा सखल तुकडा एकदा गेला की तुमचं घर कोरडं असून उपयोग नाही. पुढं होडीशिवाय इलाज उरत नाही आणि होडीचं काय होऊ शकतं हे पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळनं ८ ऑगस्ट २०१९ ला दाखवलं. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि १७ जीव गेले. म्हातारी माणसं, गरोदर बाया, डायलिसिसवाले, तान्ही पोरं यांना एसटी चालू आहे तोवर हलवा. बोटीतच बसायची वेळ आली तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवू नका. भरलेली दिसली तर पुढच्या फेरीला थांबा. मदतीला ११२, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७.

जनावरांचा विचार शेवटी करणं

घरातला एक गडी मागं का राहतो? म्हशींसाठी. आमच्या शेजारचे तात्या म्हणाले होते, “तुम्ही व्हा पुढं, मी धारा काढून येतो.” ते तिसऱ्या दिवशी बोटीतून आले, म्हशी राहिल्या. म्हणून उन्हाळ्यातच ठरवा: उंचावरच्या कुठल्या पाहुण्याच्या गोठ्यात किती जनावरं मावतील, टेम्पो कोण देईल, वैरण कुठली. पाणी दारात आल्यावर टेम्पोवाला फोन उचलत नाही. कानातल्या बिल्ल्यासकट प्रत्येक जनावराचा फोटो काढून ठेवा. आणि अगदीच नेता आली नाहीत तर दावी सोडा. दाव्याला बांधलेलं जनावर पोहू शकत नाही.

नदीवरची मोटर

याबद्दल कुणी फार बोलत नाही. पाणी वाढतंय म्हटलं की आम्ही शेतकरी काठावरच्या मोटरी काढायला पळतो, बऱ्याचदा अंधारात, चिखलात, एकटं. मोटर महाग असते, जीव तुटतो, कबूल. पण पाणी स्टार्टरच्या पेटीपर्यंत आलं असेल तर मोटर सोडून द्या. डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) पुरवठा बंद झालाय हे वायरमनच्या तोंडून ऐकल्याशिवाय ओल्या केबलला हात लावू नका. लाइट गेली म्हणजे ती परत येणार नाही असं नसतं.

कागदांचं थोडक्यात: सातबारा, आधार, पासबुक, विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या. फोटो दुसऱ्या गावातल्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.

पाणी उतरल्यावरची घाई

इथं शहाणी माणसंही चुकतात. मातीच्या, पांढरीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी ओसरल्यावर पडतात. आतून भिजून जड झालेल्या असतात, बाहेरचा पाण्याचा आधार गेला की बसतात. तेव्हा आधी बाहेरून चारी बाजू फिरून बघा, फुगवटा किंवा नवी चीर दिसली तर आत पोरं न्यायची नाहीत. मेन स्विच बंदच ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरीही विसरू नका, मेन बंद असला तरी तिचा करंट असतो. बुडालेल्या मोटारसायकलला किक मारू नका. इंजिनात पाणी असताना फिरवलं तर दुरुस्ती परवडण्याच्या पलीकडे जाते. तशीच ढकलत मेस्त्रीकडं न्या.

अडगळ हातानं उपसू नका, काठीनं हलवा. पुरात घोणस आणि नागही कोरडी जागा शोधत घरात येतात. चावलाच तर मांत्रिकाकडं न जाता थेट सरकारी दवाखाना. चिखलात काम करताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर नक्कीच. नंतर ताप आला की डॉक्टरला पुरात काम केल्याचं सांगा, म्हणजे ते लेप्टोचा (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार करतील. आडाचं पाणी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून झाल्यावरही काही दिवस उकळूनच प्या.

आणि झाडू हातात घ्यायच्या आधी फोन घ्या. आम्ही तलाठी येईपर्यंत घर धुऊन लख्ख केलं होतं. फुगून फुटलेली गव्हाची पोती वासानं घरात थांबू देईनात म्हणून उकिरड्यावर टाकली होती. पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, “धान्य कुठाय?” आईनं उकिरड्याकडं बोट दाखवलं. तोवर तिथं कोंब आले होते.