या चुका टाळा: व्हीपीएन जोडलं जातं, पण काम होत नाही

व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून दोन ठिकाणची मशिन जोडणारी खासगी वाट. त्यासाठी ‘वायरगार्ड घेऊ की टेलस्केल?’ असं कोणी विचारलं की आधी प्रश्नच दुरुस्त करावा लागतो. वायरगार्ड हा प्रोटोकॉल, म्हणजे संवादाचे ठरलेले नियम आहेत. डेटाचं पॅकेट एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करून यूडीपीवरून (पोच न मागता पाठवण्याच्या पद्धतीने) दुसऱ्या टोकाला पोचवायचं, एवढंच त्याचं काम. टेलस्केल आतून तेच वायरगार्ड वापरतं. त्यावर एन्क्रिप्शनच्या चाव्या वाटणं, दोन टोकांची गाठ घालून देणं आणि कोणी कुठपर्यंत पोचावं याचे नियम सांभाळणं ही कामं ते करतं. म्हणजे वायरगार्डची तुलना ओपनव्हीपीएन आणि आयकेईव्ही२ शी करायची, आणि टेलस्केलची झीरोटियर आणि नेब्युलाशी. ही सरमिसळ झाली की माणूस भलतीच गोष्ट बदलत बसतो. अडचण बहुतेक वेळा मधल्या वाटेत असते, आणि प्रोटोकॉल बदलला तरी वाट तीच राहते.

सीजीनॅट न तपासता पोर्ट फॉरवर्डिंगच्या मागे लागणं

नेहमीचं उदाहरण घ्या. ऑफिस छोटं आहे, टॅलीचा डेटा तिथल्या मशिनवर आहे आणि काम घरून करायचं आहे. ऑफिसच्या राउटरवर वायरगार्डचं ५१८२० पोर्ट फॉरवर्ड केलं (म्हणजे त्या क्रमांकावर बाहेरून आलेलं पॅकेट आतल्या मशिनकडे वळवलं), चाव्या बरोबर टाकल्या, तरी हँडशेक, म्हणजे दोन टोकांची पहिली ओळख, होतच नाही. अशा वेळी कॉन्फिगला हात लावू नका. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी पत्ता पाहा. तो १०० ने सुरू होऊन त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सीजीनॅटमागे आहात. १००.६४.०.०/१० हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आलेलं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. तिथे फॉरवर्डिंग कितीही बिनचूक असलं तरी उपयोग शून्य.

यावर मार्ग आहेत. इंटरनेट कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या. नाहीतर लहानसा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन दोन्ही टोकं त्याला जोडा. तिसरा मार्ग लोक विसरतात, तो म्हणजे आयपीव्ही६, पत्त्यांची नवी पद्धत. आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांवर तो मिळतो आणि त्यात नॅटची, म्हणजे राउटरने पत्ते बदलण्याची, भानगड नसते. दोन्ही बाजूंना आयपीव्ही६ असेल तर राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढं एक यूडीपी पोर्ट उघडलं की पुरे. यातलं काहीच जमत नसेल तेव्हा टेलस्केल किंवा झीरोटियर घ्यायला सबळ कारण आहे.

जाता जाता एक: वायरगार्डचं पोर्ट उघडं आहे का, हे ऑनलाइन पोर्ट चेकरवर पाहू नका. ते चेकर बहुधा यूडीपी नाही, टीसीपी (पोच घेऊन पाठवण्याची पद्धत) तपासतात. शिवाय चुकीच्या चावीने आलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही. सगळं नीट चालू असतानाही चेकर ‘बंद’ म्हणेल.

‘कनेक्टेड’ दिसलं म्हणजे थेट जोडलं, असं समजणं

टेलस्केल हळू चालतं ही तक्रार खूप ऐकू येते. स्टेटस कमांड चालवून त्या मशिनपुढे ‘डायरेक्ट’ लिहिलंय की ‘रिले’ ते पाहा. थेट वाट सापडली नाही की वाहतूक डर्प नावाच्या रिले (मध्यस्थ) सर्व्हरवरून जाते. ती सुरक्षितच असते, कारण चाव्या टोकांवरच असतात, पण वेग घसरतो. पहिले एकदोन पिंग (चाचणीची छोटी पॅकेट) रिलेवरून जाऊन मग थेट होणं मात्र अगदी नेहमीचं आहे. त्याने घाबरून जाऊ नका.

थेट वाट का सापडत नाही, हे नॅटच्या स्वभावावर ठरतं. काही राउटर तुमच्या एका पोर्टला बाहेर एकच पोर्ट देतात आणि ते सगळ्यांसाठी कायम ठेवतात. तिथे होल पंचिंग, म्हणजे दोन्ही टोकांनी पॅकेट पाठवून नॅटमधून वाट उघडणं, सहज जमतं. काही राउटर प्रत्येक नव्या पत्त्यासाठी वेगळं पोर्ट काढतात. दोन्ही टोकांना असा नॅट असला की गाठ पडणं फार अवघड. टेलस्केलची नेटचेक कमांड हे सांगते. एका टोकाला जरी ४१६४१ हे यूडीपी पोर्ट फॉरवर्ड करता आलं, तरी बहुतेक वेळा मामला सुटतो.

एमटीयूकडे दुर्लक्ष

एमटीयू म्हणजे वाटेत मावणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार. हा दोष सर्वांत जास्त छळतो, कारण जोडणी झालेली असते. पिंग चालतं, लॉगिनचं पान येतं, पण मोठी फाइल अडकते आणि रिमोट डेस्कटॉपचा पडदा काळाच राहतो. लहान पॅकेट पोचतात, मोठी वाटेत गळतात.

हिशेब साधा आहे. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटवर आयपीव्ही४ मध्ये ६० आणि आयपीव्ही६ मध्ये ८० बाइट चढवतं. नेहमीच्या वाटेच्या १५०० मधून ८० गेले की १४२० उरतात, म्हणून त्याचं नेहमीचं एमटीयू १४२० असतं. पण फायबरची जोडणी पीपीपीओईवर (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो ती पद्धत) असेल तर वाटच मुळात १४९२ ची. तिथे आयपीव्ही६ वरून १४२० चं पॅकेट १५०० होतं आणि आठ बाइटांनी बाहेर पडतं. मोबाइल हॉटस्पॉटवर आयपीव्ही४ चं आयपीव्ही६ मध्ये रूपांतर होत असेल तर आणखी २० बाइट वाढतात.

निदानासाठी दोन्ही टोकांना एमटीयू सरळ १२८० करा. टेलस्केलही हाच आकडा वापरतं. लक्षणं नाहीशी झाली तर दोष सापडला; मग हवं तर आकडा हळूहळू वर न्या. लक्षणं तशीच राहिली तर एमटीयू पूर्ववत करून दुसरीकडे शोधा.

अलाउड आयपीजमध्ये सगळीकडे शून्यं टाकणं

वायरगार्डच्या कॉन्फिगमधली ही ओळ दोन कामं करते: कोणत्या पत्त्याचं पॅकेट कोणत्या पीअरकडे (पलीकडच्या टोकाकडे) पाठवायचं, आणि त्या पीअरकडून कोणत्या पत्त्याचं पॅकेट स्वीकारायचं. फोनच्या बाजूला ०.०.०.०/० लिहिलं की सगळं इंटरनेट टनेलमधून (व्हीपीएनच्या वाटेतून) जातं; ते हवं असेल तर ठीक. पण सर्व्हरवर प्रत्येक फोनपुढे तेच लिहिलं तर शेवटचा फोन सगळे पत्ते घेऊन जातो. आधीच्याला काहीच उरत नाही आणि एररही येत नाही. ‘डब्ल्यूजी शो’ ही कमांड चालवली की त्या बिचाऱ्या पीअरपुढे अलाउड आयपीज ‘नन’ दिसतं. सर्व्हरवर प्रत्येक उपकरणाला त्याचा एकच पत्ता /३२ (फक्त तेवढाच पत्ता) लावून द्या, आणि प्रत्येक उपकरणाला वेगळी चावी. एकच चावी दोन फोनवर टाकली तर दोघं एकमेकांना आळीपाळीने ढकलत राहतात.

त्याच कमांडमध्ये शेवटच्या हँडशेकची वेळही दिसते. हँडशेक कधीच झाला नसेल तर पोर्ट, चावी किंवा नॅट तपासा. नुकताच झालाय आणि तरी पलीकडे काही पोचत नाही, तर राउटिंग, आयपी फॉरवर्डिंग (मशिनने दुसऱ्यांची पॅकेट पुढे पाठवणं) किंवा हीच अलाउड आयपीजची ओळ तपासा. एवढ्या एका भेदाने अर्धा शोध संपतो.

दोन्हीकडे १९२.१६८.१.०

घरचा आणि ऑफिसचा राउटर एकाच पट्ट्यात असतील तर ऑफिसच्या प्रिंटरसाठी निघालेलं पॅकेट घरातच फिरतं. ऑफिसचा पट्टा बदला, उदाहरणार्थ १०.७३.४०.०/२४. हे काम नवीन ऑफिस लावतानाच करून ठेवा. नंतर प्रत्येक प्रिंटर आणि कॅमेरा धरून बदल करावा लागतो.

टेलस्केलमधून ऑफिसचं अख्खं नेटवर्क दाखवायचं असेल तर राउट (त्या नेटवर्ककडे जाणारी वाट) जाहीर करणं पुरत नाही. टेलस्केलच्या कन्सोलमध्ये तो मंजूर करावा लागतो, त्या मशिनवर आयपी फॉरवर्डिंग चालू लागतं, आणि पलीकडे लिनक्स असेल तर राउट स्वीकारायलाही सांगावं लागतं. प्रिंटर आपोआप यादीत यावा किंवा लॅनवरचा गेम दिसावा अशी अपेक्षा असेल तर मात्र टेलस्केल नको. ते ब्रॉडकास्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना उद्देशून पाठवलेली पॅकेट, नेत नाही. झीरोटियर आभासी इथरनेट बनवतं, तिथे हे चालतं.

टीसीपीवर ओपनव्हीपीएन, कायमचं

काही हॉटेलांत आणि ऑफिसांत यूडीपी पूर्ण बंद असतं. वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं, म्हणून तिथे टीसीपी ४४३ वरचं ओपनव्हीपीएन खरंच तारतं. तेवढ्यापुरतंच वापरा. टीसीपीच्या आत टीसीपी गेला की एक पॅकेट हरवताच आतला आणि बाहेरचा दोघंही ते परत पाठवायला धावतात, आणि खराब लाइनवर जोडणी गुदमरते.

पीपीटीपी हे जुनं व्हीपीएन जुन्या राउटरवर अजून दिसतं. त्याची पासवर्ड तपासण्याची पद्धत, एमएस-चॅप व्ही२, २०१२ मध्ये उघडपणे मोडली गेली. पीपीटीपी बंदच करा. एल२टीपी या दुसऱ्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये नुसतं एन्क्रिप्शन नसतं, सोबत ते करणारं आयपीसेक हवंच.

वेगाबद्दलही एक गैरसमज काढून टाका. टॅलीची डेटा फोल्डर शेअर करून व्हीपीएनमधून उघडली तर ती रेंगाळणारच. शेकडो छोट्या फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला अंतराचा वेळ लागतो. कोणताही प्रोटोकॉल तो कमी करत नाही. ऑफिसच्या मशिनवर रिमोट डेस्कटॉप घ्या. त्यात मध्येच लाइन गेली तरी डेटा अर्धवट लिहिला जाण्याची भीती राहत नाही.

दूरचं मशिन एकटं सोडताना

गावच्या घरी किंवा शेतावर मशिन ठेवून येणार असाल तर निघण्यापूर्वी मुदती पाहा. टेलस्केलची नोड की (त्या मशिनची ओळख-चावी) साधारणपणे १८० दिवसांनी संपते. अशा मशिनसाठी ती मुदत कन्सोलमधून बंद करता येते. नेब्युलाचं सीए प्रमाणपत्र (बाकी प्रमाणपत्रांवर सही करणारं मूळ प्रमाणपत्र) काही न सांगता बनवलं तर एका वर्षाचं असतं.

घड्याळही तितकंच महत्त्वाचं. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो आणि आधीच्यापेक्षा जुना शिक्का पलीकडचं टोक नाकारतं. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात बॅटरीवरचं घड्याळ नाही. लोडशेडिंगनंतर तो उठतो तेव्हा त्याचं घड्याळ मागे पडलेलं असतं आणि हँडशेक होत नाही. त्यात सगळी वाहतूक टनेलमधून लावलेली असेल तर एनटीपीही (इंटरनेटवरून अचूक वेळ विचारणारी सेवा) बाहेर पडू शकत नाही, म्हणून वेळ सुधारत नाही आणि वेळ सुधारत नाही म्हणून टनेल उठत नाही. एनटीपीची वाहतूक टनेलबाहेर ठेवा, किंवा आरटीसीचं (बॅटरीवरच्या घड्याळाचं) छोटं मॉड्यूल बसवा.