ठोशाचे किलो आणि बारचे किलो: या चुका टाळा

जत्रेतल्या मशीनवर ठोसा मारून ८०० आकडा आला की पोरगं जिममध्ये सांगत सुटतं, "आपला पंच आठशे किलोचा!" अरे बाबा, ते गुण आहेत, किलो नव्हेत.

खरी गफलत मात्र खरं माप हातात आल्यावर होते. ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनोचा ठोसा १९८५च्या एका अभ्यासात मोजला होता: कमाल बल ४,०९६ न्यूटन. ९.८ने भागा, साधारण ४१८ किलो येतात. ब्रिटिश ताकदपटू एडी हॉलने २०१६ साली लीड्सला ५०० किलोंची डेडलिफ्ट मारली, म्हणजे तेवढ्या वजनाचा बार जमिनीवरून उचलून ताठ उभा राहिला. मग ब्रुनोही ४१८ किलो उचलू शकला असता? भागाकार बरोबर, अर्थ चूक. ब्रुनोचं ते बल मूठ टेकल्यापासून १४ मिलिसेकंदांत शिगेला पोचलं होतं. हॉलला त्याचा भार काही सेकंद पेलावा लागला.

नारळ दगडावर ठेवून दोन्ही हातांनी दाबून पाहा, ढिम्म हलणार नाही. आपटला की फुटतो. हात तोच, फक्त वेगात आलेला नारळ क्षणात थांबतो, म्हणून बल तेवढ्यापुरतं भडकतं.

तुलना करायचीच तर ऊर्जेची करा. त्या अभ्यासात ब्रुनोचा ठोसा म्हणजे ताशी ३२ किलोमीटर वेगाने हाणलेली सहा किलोंची मोगरी, असं म्हटलं होतं. हिशेब केला तर सुमारे २४० ज्यूल. ५०० किलो अर्धा मीटर वर नेले, तर २,४५० ज्यूल. दसपट!

दोन मशीनचे आकडे शेजारी मांडू नका. पॅड जाड असलं की मूठ थांबायला जास्त वेळ लागतो आणि कमाल बल घटतं. पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) तर बल नव्हेच, तो दाब. आणि घरच्या वजनकाट्यावर ठोसा मारण्याचा प्रयोग कृपया नको. काटा स्थिरावायला वेळ घेतो, आकडा खोटा येतो, वर काटाही जातो.

"बेंच वाढली, पंच का वाढत नाही?" ही तक्रार नेहमीची. बेंच प्रेस म्हणजे फळीवर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं, तिथे पाठीला फळीचा आधार असतो. ठोसा मागच्या पायापासून निघून कंबरेतून खांद्यात येतो. ताकद वाया जात नाही, पण तिला वेगाने बाहेर पडायची सवय लावावी लागते. मागची टाच वळत नसेल, तर वजनं तूर्त राहू द्या, आधी ती वळवा. बॅगवर मूठ टेकताना मनगट मुडपतंय का, तेही बघा.