एक इंटरनेट जोडणी, अनेक संगणक: घरातील बिनतारी नेटवर्कची मांडणी

घरात इंटरनेटची जोडणी एक आणि संगणक तीन-चार असले, तरी प्रत्येकासाठी वेगळी जोडणी घेण्याचे कारण नसते. एकाच जोडणीवर सर्व संगणक बिनतारी पद्धतीने चालवता येतात आणि त्यासाठी लागणारी सामग्री बहुधा सेवा घेतानाच मिळालेली असते. अडचणी येतात त्या मांडणीत, आणि त्यांतील बऱ्याचशा एकच नियम न पाळल्याने येतात: एका नेटवर्कमध्ये संगणकांना पत्ते वाटणारे उपकरण एकच असले पाहिजे. पुढील कृती करताना हा नियम सतत लक्षात ठेवावा.

या कामात तीन भूमिका असतात. बाहेरून आलेली तार किंवा फायबर ज्याला जोडलेली असते, ते मोडेमसारखे उपकरण तारेतील संकेतांचे नेटवर्कला चालणाऱ्या स्वरूपात रूपांतर करते. राउटर त्या एका जोडणीची घरातील अनेक संगणकांमध्ये वाटणी करतो. ॲक्सेस पॉइंट तारेतून आलेली माहिती रेडिओलहरींवरून संगणकांपर्यंत पोहोचवतो. पुष्कळदा ही तिन्ही कामे एकाच पेटीत होतात. काही ठिकाणी पेट्या दोन असतात. आपल्याकडे कोणते काम कोणती पेटी करते, हे नवीन काही विकत घेण्यापूर्वी शोधून काढावे. पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर बिनतारी नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड छापलेला असेल, तर तिच्यात राउटर व ॲक्सेस पॉइंट दोन्ही आहेत असे समजण्यास हरकत नाही. तशी पट्टी नसेल आणि नेटवर्क केबलसाठी एकच खाच असेल, तर तो बहुधा नुसता मोडेम असतो व त्याच्यापुढे राउटर जोडावा लागतो.

वाटणीची गरज का पडते, हे थोडक्यात समजून घेतले तर पुढच्या सेटिंगचा अर्थ लागतो. इंटरनेटवरील प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता लागतो आणि जुन्या, अजूनही सर्वत्र वापरात असलेल्या आयपीव्ही४ पद्धतीत असे पत्ते जेमतेम ४२९ कोटी आहेत. त्यामुळे सेवा देणारी कंपनी एका घराला सहसा एकच पत्ता देते. घराच्या आत मात्र १९२.१६८ किंवा १० या आकड्यांनी सुरू होणारे, तसेच १७२.१६ ते १७२.३१ या टप्प्यातील खासगी पत्ते वापरता येतात. ते कोणत्याही घरात पुन्हा पुन्हा वापरले जावेत यासाठीच राखून ठेवलेले आहेत. संगणक नेटवर्कला जोडला गेला की राउटर त्याला यांपैकी एक पत्ता देतो. या कामाला डीएचसीपी म्हणतात. पुढे त्या संगणकाची मागणी बाहेर जाताना राउटर तिच्यावर घराचा सामाईक पत्ता लावतो, कोणाची मागणी कोणती याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ते नेमक्या संगणकाकडे पाठवतो. या दुसऱ्या कामाचे नाव नॅट.

राउटर वेगळा असल्यास मोडेममधून निघणारी केबल राउटरच्या वॅन किंवा इंटरनेट असे लिहिलेल्या खाचेत बसवावी. ती खाच बाकीच्यांपासून थोडी वेगळी किंवा निराळ्या रंगाची असते. मोडेमला पूर्वी एखादा संगणक थेट जोडलेला असेल, तर मोडेम काही मिनिटे बंद ठेवून आधी तो आणि त्याचे दिवे स्थिरावल्यावर राउटर सुरू करावा, कारण काही मोडेम पहिल्यांदा जोडलेल्या उपकरणाची ओळख धरून बसतात आणि नव्या उपकरणाला दाद देत नाहीत. त्यानंतर एक संगणक केबलने राउटरला जोडून ब्राउझरमध्ये पट्टीवर छापलेला पत्ता टाइप करावा. तो बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. उघडलेल्या पानावर जोडणीचा प्रकार विचारला जातो. कंपनीने युजरनेम आणि पासवर्ड दिला असेल तर पीपीपीओई निवडून तो भरावा, दिला नसेल तर आपोआप पत्ता घेण्याचा पर्याय ठेवावा. पहिली मांडणी केबलवरूनच करणे सोयीचे, कारण बिनतारी नेटवर्कचे नाव बदलताच त्यावरून जोडलेला संगणक तुटतो आणि काम अर्धवट राहते.

सुरक्षिततेच्या सेटिंग त्याच बैठकीत उरकाव्यात. राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड आणि बिनतारी नेटवर्कचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला बदलायचा बहुतेकांच्या हातून राहतो. दुसरा ८ ते ६३ अक्षरांचा ठेवता येतो. चार-पाच असंबद्ध शब्द एकापुढे एक लिहून केलेला लांबलचक पासवर्ड हा चिन्हांनी नटवलेल्या आखूड पासवर्डपेक्षा लक्षात ठेवायला सोपा आणि फोडायला अवघड असतो. एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे हवेतून जाणारी माहिती इतरांना वाचता येऊ नये अशी सांकेतिक करण्यासाठी, डब्ल्यूपीए३ ही पद्धत निवडावी. जुने संगणक त्याला जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र पर्याय किंवा एईएससह डब्ल्यूपीए२ चालेल. डब्ल्यूईपी ही पद्धत २००१ मध्येच फोडली गेली असल्याने ती कोणत्याही कारणासाठी निवडू नये. टीकेआयपी हा पर्यायही टाळावा. तो असुरक्षित तर आहेच, शिवाय तो निवडल्यावर अनेक राउटरांचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. आठ आकडी पिनने जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करावी. तो पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ मध्ये उघड झाले होते. नेटवर्कचे नाव लपवणे किंवा ठरावीक संगणकांनाच प्रवेश देणारी मॅक पत्त्यांची (प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क ओळख क्रमांकांची) यादी करणे हे उपाय आवर्जून सुचवले जातात, पण त्यांनी घरच्यांचाच त्रास वाढतो. नाव आणि मॅक पत्ता दोन्ही हवेतून उघड जात असल्याने जाणकार घुसखोर त्यांनी अडत नाही. फर्मवेअरची, म्हणजे राउटरमधील मूळ सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती आली असेल तर ती याच वेळी घ्यावी आणि बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद असल्याची खात्री करावी.

आता राउटर कुठे ठेवायचा, हा प्रश्न. तार जिथून घरात शिरते तिथेच, बहुधा एखाद्या कोपऱ्यात, तो ठेवला जातो आणि मग लांबच्या खोलीत वेग मिळत नाही म्हणून महागडी योजना घेतली जाते. राउटर घराच्या मध्याजवळ, उंचावर आणि मोकळ्या जागी असावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि सळ्या घातलेली काँक्रीटची भिंत यांच्यामागे लहरी फारच क्षीण होतात. रेडिओलहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोहोचतो व भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण तो गजबजलेला असतो आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करीत असल्याने ओव्हन चालू असताना जोडणी अडखळू शकते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि तुलनेने मोकळा असतो, मात्र त्याची पोच कमी. जवळचे संगणक ५ वर आणि लांबचे २.४ वर, अशी वाटणी बहुतेक घरांत चालून जाते. २.४ च्या पट्ट्यात चॅनेलची, म्हणजे पट्ट्याच्या एका भागाची, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवून १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांचा वापर सर्वांत कमी असलेले चॅनेल निवडावे. लगतच्या चॅनेलांमधील अंतर ५ मेगाहर्ट्झच असल्याने एकमेकांवर न चढणारी अशी तीनच चॅनेले मिळतात. जो संगणक जागचा हलतच नाही, तो बिनतारी न ठेवता सरळ केबलने जोडावा. त्याला वेग चांगला मिळतो आणि हवेतील गर्दीही तेवढी कमी होते.

संगणक जोडणे हे सर्वांत सोपे काम. नेटवर्कच्या यादीतून नाव निवडून पासवर्ड दिला की झाले. विंडोजमध्ये घरचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवावे, अन्यथा घरातील दुसरा संगणक किंवा प्रिंटर दिसणार नाही. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळे सुरू करावे, म्हणजे त्यांना इंटरनेट मिळते पण घरातील संगणकांपर्यंत पोहोचता येत नाही.

खरा गोंधळ सुरू होतो तो दुसरा राउटर आणल्यावर. समजा, कंपनीच्या पेटीत राउटर आहेच आणि लांबच्या खोलीसाठी आपण आणखी एक राउटर घेऊन त्याच्या वॅन खाचेत केबल बसवली. आता नॅट दोनदा होते. इंटरनेट चालते, म्हणून सारे ठीक आहे असे वाटते. पण एका राउटरवरील संगणकाला दुसऱ्यावरील प्रिंटर सापडत नाही आणि ऑनलाइन खेळ किंवा बाहेरून घरच्या संगणकाशी जोडणी करणारे प्रोग्राम अडतात. दोन्ही राउटर आपापल्या बाजूला १९२.१६८.१ हीच मालिका वापरत असतील तर तेवढेही चालत नाही. केबल वॅनऐवजी साध्या खाचेत बसवली तर नेटवर्क एक होते खरे, पण पत्ते वाटणारे दोन. ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता संगणक घेतो. त्यामुळे तोच संगणक सकाळी चालतो, संध्याकाळी चालत नाही, आणि दोष कशात आहे हे कळत नाही.

यावरचा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करणे. त्याच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल तर त्याला एका संगणकाशी केबलने जोडून आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि तो १०० पासून पुढचे पत्ते वाटत असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यावा. मग त्याचे डीएचसीपी बंद करून दोन्ही राउटरांच्या साध्या खाचा केबलने जोडाव्यात, वॅन रिकामी ठेवावी. नेटवर्कचे नाव, पासवर्ड आणि एन्क्रिप्शन दोन्हीकडे तेच ठेवावे, चॅनेल मात्र वेगळे. बदलानंतर संगणकांकडे जुने पत्ते शिल्लक असू शकतात. ते एकदा नेटवर्कवरून तोडून पुन्हा जोडावेत. केबल टाकणे शक्यच नसेल तर राउटरच्या लहरी पकडून पुढे पाठवणारा रिपीटर घेता येतो, परंतु एकाच रेडिओवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करणाऱ्या रिपीटरमुळे वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा आपसांतील संवादासाठी वेगळा रेडिओ असलेल्या अनेक पेट्यांचा मेश संच बरा.

राउटरच नसेल, तर एक संगणकही ही वाटणी करू शकतो. विंडोज १० व ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि ‘मोबाइल हॉटस्पॉट’ या मार्गाने जाऊन ती सुरू करता येते. आठ उपकरणांपर्यंत जोडता येतात. मॅकमध्ये ‘शेअरिंग’ विभागात ‘इंटरनेट शेअरिंग’ असते, पण साधारणतः तेथे इंटरनेट केबलने आत यावे लागते, कारण वाय-फायवरून घेऊन वाय-फायवरूनच वाटता येत नाही. या पद्धतीत वाटप करणारा संगणक स्लीपमध्ये गेला की सर्वांचे इंटरनेट बंद होते, म्हणून ही सोय तात्पुरतीच समजावी. राउटर असलेल्या घरात ती चुकून सुरू राहिली, तर तिच्यावर जोडलेली उपकरणे घरच्या नेटवर्कपासून अलग पडतात.

काही बिघडल्यास आधी संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला पत्ता देणारे कोणी सापडलेले नाही. डीएचसीपी बंद आहे का आणि केबल जागेवर आहे का, ते तपासावे. पत्ता योग्य असूनही इंटरनेट नसेल तर दोष राउटरच्या पलीकडे, मोडेममध्ये किंवा कंपनीकडे असण्याची शक्यता अधिक. वेगाबद्दल तक्रार करण्यापूर्वी संगणक केबलने जोडून वेग मोजावा. केबलवर पूर्ण वेग मिळत असेल तर दोष हवेतील मार्गाचा आहे. मोजताना एकक पाहावे: १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर फाइल सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट या गतीने उतरते, आणि त्यात काहीच गैर नसते. एकाने मोठी फाइल वर पाठवायला घेतली की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल तुटतो, ही तक्रार मात्र खरी असते. अशा वेळी राउटरमधील क्यूओएस, म्हणजे कोणत्या कामाला प्राधान्य द्यायचे हे ठरवणारी सोय, सुरू करून अपलोडची मर्यादा जोडणीच्या प्रत्यक्ष मोजलेल्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवावी.