घाटात गाडी ओढत नाही? आधी ॲक्सिलरेटरची केबल पाहा

800 सीसीची जुनी पेट्रोल गाडी. सपाटीवर ठीक, पण परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना पेडल पार दाबूनही सेकंड गिअरमध्ये रडायची. महागडे प्लग, ‘स्पोर्ट्स’ एअर फिल्टर, पेट्रोलात टाकायचं औषध, सगळं झालं. पैसे गेले, वैताग राहिला.

जमलं ते असं. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल बॉडीवरचा, म्हणजे इंजिनात किती हवा जाते ते ठरवणाऱ्या भागावरचा, हवेचा पाइप काढला. पोराला पेडल पूर्ण दाबायला सांगितलं. केबलने उघडणारी आतली चकती तेव्हा हवेच्या वाटेला समांतर उभी राहायला हवी. ती तिरपीच अडकत होती. म्हणजे केबल ढिली. केबल जागी धरणारा लॉकनट सैल करून केबल ताणली, पण किंचित झोल ठेवला, नाहीतर आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) चढतो. नट आवळला. चकतीच्या कडेचा काळा थर क्लीनरने पुसला. पेडल सोडताच झटकन परत येतं, हे पाहूनच इंजिन चालू केलं.

फिल्टर मात्र पुन्हा कंपनीचा कागदीच बसवला. सोयाबीन काढणीच्या धुळीत तोच बरा.