घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं

दादरहून उभ्याने कल्याण गाठलं की अंग घरी पोचतं, डोकं मात्र गाडीतच राहतं. अशा वेळी लगेच टीव्ही लावू नका. दिवा मंद करा आणि शब्द नाहीत, ठेका नाही असं अँबियंट संगीत लावा. १९७८ मध्ये ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकारांनी विमानतळासाठी असं संगीत केलं, तेव्हा हे नाव रूढ झालं. लक्ष देऊन ऐका किंवा नुसतं वाजू द्या, दोन्ही चालावं ही त्यांची कल्पना. शब्द नसले की मन अर्थ लावत बसत नाही.

ते रुचलं नाही तर मोबाइलवर तानपुरा लावा. तारा एकामागून एक वाजत राहतात: पंचम, जोड, खर्ज, पुन्हा पंचम. मला तर तोच जास्त मानवतो. हेडफोन नको, छोटा स्पीकर कोपऱ्यात ठेवा. आवाज इतकाच, की शेजारच्या कुकरची शिट्टी आणि पत्र्यावरचा पाऊसही ऐकू यावा.

आई गेली त्या पावसाळ्यात मी रोज अशीच बसायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी पोटभर रडू आलं, मग गाढ झोप लागली. तुम्हालाही रडू आलं तर येऊ द्या, संगीत बंद करू नका. झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल तर मात्र डॉक्टरांना भेटाच.