लिंक पाठवण्याआधी

ऑनलाइन वर्ग सोमवारी सुरू होणार असेल तर तयारीला आदल्या बुधवारीच लागा, आणि पहिलं काम लॅपटॉपवरचं नाही. पटावरच्या प्रत्येक घरी एकदा फोन करा. फोन कुणाचा, तो घरात किती ते किती असतो, मूल बसतं कुठे, घरात कोणती भाषा चालते, हे वहीत नावापुढे लिहून ठेवा. सोलापूरच्या पूर्व भागात याच वहीवर वेळापत्रक ठरतं. आई विड्या द्यायला कारखान्यात गेली की फोनही तिच्याबरोबर जातो. मग अकराचा तास कितीही रंगवा, ते मूल त्यात नसतंच. शेजारी माग चालू असेल तर माइक उघडताच नुसती खटखट. अशा मुलाला सगळ्यांसमोर ‘म्यूट कर’ म्हणून ओरडू नका. (मी ओरडले होते. पुढे महिनाभर तो बोलला नाही.) चॅटमध्ये लिहिलेलं उत्तरही उत्तरच, हे त्याला आधीच सांगा.

घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्यांसाठी उद्याच्या पाठातले चार-पाच अवघड शब्द रात्रीच ग्रुपवर आवाजात टाका. कॅमेऱ्याची सक्ती नको: डेटा संपतो, आणि एका खोलीचं घर वर्गाला दाखवायला कुणालाच आवडत नाही. तुमचा कॅमेरा मात्र चालू हवा, खिडकी पाठीमागे न घेता.

पाठाच्या टाचणात दर सात-आठ मिनिटांनी मुलांच्या हाताला काम ठेवा. प्रश्नापुढे ‘थांबा’ असं लालने लिहा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात. नेटवर आवाज अडखळत येतो, म्हणून मी मनात दहा मोजते. पहिल्यांदा ती शांतता खायला उठते.

हजेरी नाव घेऊनच, पण ‘प्रेझेंट मॅडम’ नको. जानेवारीत असाल तर गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, पाळण्यात कोण बसलं ते विचारा. गैरहजर नावांना त्याच संध्याकाळी फोन करा. ‘का आला नाहीस’ नंतर विचारा, आधी ‘फोन घरी होता का?’